रशियन 'श्तो' कधी सर्वनाम आणि कधी अव्यय? (आणि लिहिताना शेवटी ओ येणाऱ्या शब्दांचं काय)

रशियन शिकतेय, पद ओळखायच्या स्वाध्यायात सारखी अडकते. 'या ज़्नायू, श्तो ओन चितायेत' यात श्तो नक्की काय आहे? पुस्तक म्हणतं संदर्भ बघा, पण वाक्य एकच दिलंय तर संदर्भ आणू कुठून 😅

— ताई, या वाक्याला खरंच दोन अर्थ आहेत, पुस्तकाचा दोष नाही. मराठीत करून बघा. 'मला माहितेय की तो वाचतो' असं झालं तर उभयान्वयी अव्यय, 'तो काय वाचतो ते मला माहितेय' असं झालं तर सर्वनाम. बोलताना रशियन माणूस सर्वनामावर जोर देतो, अव्यय आघात न देता पटकन उरकतो, पण छापील मजकुरात आघात दाखवत नाहीत म्हणून घोळ. 'क्नीगा, श्तो लिझीत ना स्ताल्ये', म्हणजे टेबलावर जे पुस्तक आहे ते, इथेही सर्वनामच. थोडक्यात मराठीत काय किंवा जे/जी आलं तर सर्वनाम, की आलं तर अव्यय.
श्तोबी (श्तो + बी) जोडून लिहायचं की तोडून हाही त्यातलाच प्रश्न. 'श्तो बी म्न्ये पचितात?' (काय वाचू बरं?) यातला बी काढला किंवा शेवटी ढकलला तरी वाक्य उभं राहतं, म्हणून तोडून. 'मदत करायला आलो' मधल्या 'करायला' च्या अर्थाचा श्तोबी असा फुटत नाही, तो जोडूनच.

— की/काय ठीक, पण ओ-वाल्या शब्दांना ही युक्ती चालत नाही बरं का, कारण मराठी स्वतःच तीच गंमत करते. गाणं बरं आहे, तो बरं गातो, मला बरं वाटतंय, रूप एकच आणि कामं तीन. तसंच 'मोर्ये स्पाकोइना' (समुद्र शांत आहे) हे लघु विशेषण, म्हणजे विशेषणाचं आखूड रूप, 'ओन गवारीत स्पाकोइना' (तो शांतपणे बोलतो) हे क्रियाविशेषण, आणि 'म्न्ये स्पाकोइना' (मला शांत वाटतंय) हा तिसराच प्रकार. यात कर्ता बदलून बघायचा. समुद्राच्या जागी पुल्लिंगी अकिआन (महासागर) घातला की स्पाकोयेन होतं, म्हणजे विशेषण. बोलणारा बाई असो की बुवा, क्रियाविशेषण हलत नाही. रिका (नदी) घेऊन मात्र कानावर विसंबू नका, शेवटचा ओ आणि आ आघात नसताना सारखाच ऐकू येतो, फरक फक्त लिहिण्यात.
तिसऱ्यात कर्ताच नाही, ज्याला वाटतंय तो चतुर्थीत, आपल्या 'मला' सारखा. रशियन भाषातज्ज्ञ ल्येव श्चेर्बा यांनी १९२८ च्या लेखात अशा शब्दांना वेगळी जात दिली, 'कतिगोरिया सस्तायानिया', म्हणजे अवस्थावाचक. सगळे व्याकरणकार अजून ते मानत नाहीत, बरेच जण क्रियाविशेषणातच टाकतात, म्हणून तुमचं पुस्तक काय म्हणतं ते आधी बघा, नाहीतर मार्क जातील. माझं मत विचाराल तर श्चेर्बा बरोबर, 'मला थंडी वाजतेय' या अर्थाच्या 'म्न्ये खोलद्ना' मध्ये क्रियापदच दिसत नाही, मग क्रियेचं विशेषण कसलं?

— भारी! पण मग 'श्तो ती स्मियोश्स्या?' चं काय? तिथे श्तो म्हणजे 'का' ना, की नाही आणि जे पण नाही.

— हो, तिथे तो 'का' च्या जागी आलाय, म्हणून क्रियाविशेषणासारखा धरतात. आणि त्याचं मराठी 'का हसतोस' पेक्षा 'काय हसतोस?' असं जास्त जमतं 😄