मदत हवी आहे : मालवणात एक दिवस पाय जमिनीला लावायचेत

नमस्कार सांगलीकर. डिसेंबरात आम्ही चौघे मित्र शिडाच्या बोटीने रत्नागिरीहून गोव्याला निघतोय. तिसऱ्या दिवशी मालवणला नांगर टाकून सकाळी ८ ते संध्याकाळी ५ किनाऱ्यावर काढणार. आई-बाबाही सांगलीहून गाडीने राधानगरी, फोंडा घाट, कणकवली असे भेटायला येतील.

कृपया सिंधुदुर्ग किल्ला सुचवू नका. तो झालाय, दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींसकट सगळं बघून. शिवाय बाबांचे गुडघे दुखतात, आणि दोन दिवस हेलकावे खाल्ल्यावर आम्हालाच पुन्हा होडीत बसायचं नाही! स्कूबाही नको. रॉक गार्डनचा सूर्यास्त परतायच्या वेळेमुळे हुकणारच.

हवंय एवढंच : गोड्या पाण्याची अंघोळ, जेवण, दुपारची झोप. दोन लॉजना फोन केला, दोघेही पूर्ण दिवसाचं भाडं सांगतात. चार तासांसाठी ते जिवावर येतं. त्यात मार्गशीर्षातला गुरुवार, म्हणजे आईला मासे चालणार नाहीत.

तर जेटीपासून चालत जाता येईल असं, काही तासांपुरती खोली देणारं आणि आमच्या बांगड्यांबरोबर आईसाठी वेगळं शाकाहारी रांधणारं घरगुती ठिकाण कुणी स्वतः अनुभवलंय का?