देविकाराणी: हिरोईन मोठी का मालकीण मोठी?

केळीवाला_रावेर: देविकाराणी म्हटलं का लोकांना फक्त अशोककुमारसोबतची हिरोईन आठवते. माझं मत वेगळंय भो, बाईचं खरं काम पडद्यामागं. दुसरं महायुद्ध लागलं न इंग्रजांनी जर्मन डायरेक्टर फ्रान्झ ऑस्टेनला अटकेत टाकलं, 1940 ला नवरा हिमांशू राय वारला, अन मालाडचा अख्खा बॉम्बे टॉकीज स्टुडिओ हिच्या गळ्यात. तरी चालवला ना. युसूफ नावाच्या फळवाल्याच्या पोराला हिनंच नोकरीला घेतलं, दिलीपकुमार हे नाव बी हिनंच दिलं.

धुळेकर_थेटरवाला: काहीबी. बॉम्बे टॉकीजचा 1943 चा किस्मत पिक्चर कलकत्त्याच्या रॉक्सी थेटरात तीन वर्षांच्या वर चालला, तो कोणाचा? स्टुडिओतल्याच निर्माते शशधर मुखर्जींच्या गटाचा. बाईंचा गट वेगळा, तिकडे डायरेक्टर अमिय चक्रवर्ती. त्याच साली मुखर्जी अशोककुमारला घेऊन निघाले, गोरेगावला फिल्मिस्तान हा स्वतःचा स्टुडिओ काढला. आणि 1945 ला बाई रशियन चित्रकार रोरिकशी लग्न करून मोकळ्या. कमावती माणसं टिकवता येत नाही तर कसली मालकीण? दिलीपकुमारचा पहिला ज्वार भाटा पण पडलाच.

चोपड्याची_सूनबाई: धुळेकर, आमचं जिन होतं, कापसातली सरकी काढायचा कारखाना. सासरे गेले तेव्हा ऐन सीझन, आवारात कापसाच्या गाड्या उभ्या, सासूबाई काट्याजवळ खुर्ची टाकून बसल्या. पंधरा दिवसांत मुनीम न फिटर शेजारच्या जिनात. मुनीम जाताना उधारीची वही पण घेऊन गेला!! आणि गावात काय बोलले, बाईला माणसं सांभाळता आली नाही. म्हणजे पळणाऱ्याला कोणी विचारत नाही, का गेला म्हणून.

भुसावळ_जंक्शन: अशोककुमार आपला खंडवावाला शे भो, त्याले नावं ठेवू नका 😄 मुखर्जी त्याचे सख्खे मेहुणे, बहिणीचा नवरा उठला तर हा मागं कसा राहील.

धुळेकर_थेटरवाला: ताई मान्य, पण जिन आणि स्टुडिओ एक नाही. कापसाचं काय, सरकी कोणीबी काढली तरी कापूस तोच, पिक्चर माणसावर चालतं.

केळीवाला_रावेर: मग माणूस ओळखणं हेच तर काम झालं ना मालकाचं, पहिला पिक्चर पडला म्हणून दिलीपकुमार पडला का? आणि तुमचा अशोककुमार पुढं परत तिथंच आला, 1949 चा महल बॉम्बे टॉकीजचाच. ताई, तो फिटर आला का परत?

चोपड्याची_सूनबाई: आला ना, दोन सीझननं. सासूबाईंनी चहा पाजला. घेतला नाही.