सल्ला हवा: शोआनंतरचं ज्यू ईश्वरचिंतन, सहा रविवारांत काय वाचावं?

उंबरठा
वाचनगटासाठी विचारते आहे. दहाबारा जण, सहा रविवार, दर वेळी दोन तास. विषय असा: नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारानंतर (त्यालाच 'शोआ' म्हणतात) ज्यू धर्मचिंतक देवाबद्दल काय म्हणाले? इंग्रजी सगळ्यांना येतं, हिब्रू-यिडिश कुणालाच नाही. बायबल मराठीतलं वापरू. आठवड्याला ४०-५० पानांच्या वर कुणी वाचणार नाही हे धरूनच सांगा. एली व्हीझेलच्या 'नाइट'पासून (छळछावणीतल्या अनुभवांवरचं पुस्तक) सुरुवात करावी असा बहुतेकांचा कल आहे. बरोबर आहे का?

पिंपळपान
'नाइट'ने सुरुवात नको. पुस्तक छोटं आहे, वाचून होईल, पण गट तिथेच अडकेल. फासावरच्या मुलाचा प्रसंग येतो, गर्दीतून कुणीतरी "देव कुठे आहे?" विचारतं, आणि उरलेला वेळ "म्हणजे देव मेला" यावर जातो. १९५८च्या फ्रेंच आवृत्तीला मोरियाक या कॅथलिक लेखकाची प्रस्तावना होती, त्याला तिथे क्रूस आठवला. देवाशी भांडायची ज्यूंची जुनी रीत ठाऊक नसली की वाचकाला एकतर क्रूस दिसतो, नाहीतर निव्वळ नास्तिकता. चौथ्या रविवारी ठेवा.

पहिल्या रविवारी विलापगीत आणि ईयोब. विलापगीत अख्खं वाचा. पाच अध्याय, १५४ वचनं, आणि मोठ्यानं. आव महिन्याच्या नवमीला, मंदिरांच्या विध्वंसाच्या दिवशी, सिनेगॉगमध्ये जमिनीवर किंवा बुटक्या बाकावर बसून ते असंच वाचतात. शेवटचं वचन ५:२२, "तू आम्हाला टाकूनच दिलंस" अशा सुराचं. म्हणून ते झालं की ५:२१ पुन्हा म्हणतात. मजकुराला हात लावला नाही, पण शेवट तिथे होऊ दिला नाही. ही एक युक्ती नीट कळली तर पुढचे पाच रविवार सोपे जातील.

ईयोबाचे ४२ अध्याय सगळे नकोत. १ ते ३ आणि ३८ ते ४२ पुरे. ४२:७ वर मात्र थांबा. तिघे मित्र सगळा वेळ देवाची बाजू राखत असतात, आणि देव त्यांनाच सांगतो की तुम्ही माझ्याविषयी नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला. देवाचं वकीलपत्र घेणाऱ्यांना खुद्द अशिलानेच झापलं. विसाव्या शतकातला सगळा वाद या एका वचनाभोवती फिरतो असं माझं मत आहे.

शाईदौत
पिंपळपान यांच्याशी सहमत. दुसरा रविवार तलमुदला (रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, चर्चांचा प्राचीन संग्रह) द्या. तलमुद म्हटलं की लोक दचकतात, पण चार उतारे पुरतात आणि सगळे मिळून पाचसहा पानंही भरत नाहीत. सेफारिया या संकेतस्थळावर इंग्रजी भाषांतरासह फुकट आहेत.

मनाखोत २९ब (भागाचं नाव, पानाचा क्रमांक आणि बाजू): मोशेला कित्येक शतकांनी होणाऱ्या रब्बी अकिवाची विद्वत्ता दाखवली जाते आणि मग त्याचा शेवट. रोमनांनी ठार केल्यावर त्याचं मांस बाजारात तोललं जातंय. मोशे विचारतो, ही विद्या आणि हे तिचं फळ? उत्तर येतं: गप्प रहा, माझ्या मनात असंच आलं. पूर्णविराम. स्पष्टीकरण नाही.

बराखोत ५अ-५ब: 'प्रेमाची दुःखं' ही कल्पना, म्हणजे देव ज्याच्यावर प्रेम करतो त्यालाच दुःख देतो. पण पान उलटून पुढे जा. आजारी माणसाला विचारतात, ही दुःखं तुला प्रिय आहेत का? तो म्हणतो, तीही नकोत आणि त्यांचं बक्षीसही नको. सिद्धांत आणि त्याला नकार, दोन्ही एकाच पानावर शेजारीशेजारी ठेवलेत. बहुतेक लेख फक्त ५अ देतात, तिथे घोळ होतो.

किद्दुशीन ३९ब: बापाने सांगितलं म्हणून मुलगा शिडीवर चढतो, पक्षीण उडवून पिल्लं घेतो. तोरात (बायबलची पहिली पाच पुस्तकं) दीर्घायुष्याचं वचन दिलेली दोन्ही कामं एकदम केली, आणि उतरताना पडून मेला. हे पाहूनच एलीशा बेन अबूया हा विद्वान रब्बी धर्म सोडून गेला अशी एक परंपरा तिथेच दिली आहे.

खगीगा ५ब: देवाची एक आतली खोली आहे, तिथे तो एकटा रडतो. हा उतारा तिसऱ्या रविवारी पुन्हा लागेल, सोडू नका.

वचनक्रमांकांची काळजी घ्या. मराठी बायबल आणि हिब्रू छापील प्रत यांत काही ठिकाणी एकाचा फरक पडतो. स्तोत्र ४४ मधलं "तुझ्यासाठी आम्ही दिवसभर मारले जातो" मराठीत २२वं, हिब्रूत २३वं. मुलांसाठी रडणारी राहेल यिर्मया ३१:१५ ला, काही हिब्रू प्रतींत ३१:१४. इंग्रजी ज्यू पुस्तकं बहुधा हिब्रू क्रमांक देतात. गटातला निम्मा वेळ "माझ्याकडे ते वचन नाहीच" यात जातो.

उंबरठा
आभार. दोन शंका. एक, "आमच्या पापांमुळे" हे उत्तर ज्यूंकडेही आहे ना? मग ते आपल्या कर्मसिद्धांतासारखंच झालं का? दोन, 'हेस्तेर पानीम' मराठीत काय म्हणावं?

शाईदौत
दुसरीचं आधी. बायबलच्या 'अनुवाद' या पाचव्या पुस्तकात, ३१:१७-१८ मध्ये, देव म्हणतो, मी माझं मुख लपवीन. तेच 'हेस्तेर पानीम'. 'तोंड लपवणं' म्हणू नका. मराठीत माणूस लाजेनं तोंड लपवतो, त्यामुळे देव शरमला असा अर्थ निघतो. 'मुख झाकून घेणं' बरं.

शब्दांचंच निघालं आहे तर: 'होलोकॉस्ट' हा मूळ ग्रीक शब्द, अर्थ पूर्ण जाळलेला होमबळी. म्हणजे बळी देणारा आणि घेणारा दोघे गृहीत. म्हणून अनेकांना तो खटकतो आणि ते 'शोआ', म्हणजे अरिष्ट, म्हणतात. यिडिश बोलणारे 'खुर्बन' म्हणत, तो मंदिराच्या विध्वंसाचा शब्द. शब्द निवडला की अर्धी भूमिका निवडून झाली. मराठीत 'बलिदान' आणि 'हुतात्मा' तर कटाक्षाने टाळा. हुतात्मा मरण पत्करतो. इथे धर्म सोडतो म्हणणाऱ्यालाही सुटका नव्हती. फाकेनहाइम या ज्यू तत्त्वज्ञाचा मुद्दाच हा: ही माणसं स्वतःच्या श्रद्धेपायी मेली नाहीत, पणजोबांनी आपली मुलं ज्यू म्हणून वाढवली म्हणून मेली.

पिंपळपान
कर्माबद्दल: वरवर सारखं, आतून वेगळं. सणांच्या प्रार्थनेत "आमच्या पापांमुळे आम्ही आमच्या भूमीतून हद्दपार झालो" असं आहे. पण तिथे हिशेब एका जिवाचा नाही, करार केलेल्या अख्ख्या समाजाचा आहे, आणि नियम आपोआप चालत नाही. शिक्षा देणारा कुणीतरी आहे, म्हणूनच त्याच्याशी भांडता येतं. कर्माशी कोण भांडणार?

पुनर्जन्म कबालात, म्हणजे ज्यू गूढवादात, आहे. त्याचा आधार घेऊन २००० साली इस्रायलचे माजी मुख्य रब्बी ओवादिया योसेफ यांनी मारले गेलेले हे पूर्वजन्मीच्या पापी जिवांचे अवतार होते असं म्हटलं, आणि इस्रायलभर संताप उसळला. आपल्याकडच्या वाचकाला हे पटकन 'ओळखीचं' वाटतं, तिथेच सावध रहा. त्याला मध्यवर्ती मत समजू नका.

या उत्तराची खरी अडचण पाहायची तर दोन रब्बी शेजारी ठेवा. टाइख्टाल १९४३ साली बुडापेस्टमध्ये लपून, हाताशी ग्रंथ नसताना, आठवणीतून लिहितो: वेळीच पॅलेस्टाइनला गेलो नाही, धर्मगुरूंनी लोकांना अडवलं, हे आमचं पाप. तो १९४५मध्ये मारला गेला. सात्मार पंथाचे रब्बी योएल टाइटेलबाउम संहारातून जिवंत राहिले, आणि १९६१ साली त्यांनी लिहिलं: देवाची वाट न पाहता ज्यूंचं राज्य उभारायला निघालो, हेच पाप. आधार तलमुदातल्या कतुबोत १११अ मधल्या तीन शपथांचा (त्यातली एक: ज्यूंनी बळाने त्या भूमीत परतू नये). एकच घटना, एकच पद्धत, निष्कर्ष बरोबर उलटे. पापाचं नाव कोणतं हे आधीच ठरलेलं होतं, घटना नंतर जोडली.

गोदाकाठ
तिसऱ्या रविवारी एकच माणूस घ्या: पियासेच्नोचे रब्बी कलोनिमुस कल्मान शापिरा. नंतर शांतपणे लिहिलेलं नव्हे, वॉर्सा घेट्टोत (नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत) शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीदिनी, दिलेली प्रवचनं. सप्टेंबर १९३९ ते जुलै १९४२. हस्तलिखित घेट्टोतला इतिहासकार रिंगेलब्लुम याच्या गुप्त संग्रहाबरोबर पुरलं, युद्धानंतर सापडलं, १९६० साली इस्रायलमध्ये 'एश कोदेश' म्हणून छापलं. ते स्वतः नोव्हेंबर १९४३मध्ये त्राव्निकीच्या छावणीत मारले गेले.

वाचताना प्रत्येक प्रवचनाची तारीख समासात लिहा, ही माझी एकमेव अट. सुरुवातीला ते जुनी उत्तरं देतात. १९४१च्या हनुक्कात (हिवाळ्यातला दिव्यांचा सण) तर लोकांना बजावतात की असली दुःखं इतिहासात पूर्वीही आली आहेत, श्रद्धा डळमळायचं कारण नाही. मग २२ जुलै १९४२ पासून ट्रेब्लिंका या संहारछावणीकडे नेणाऱ्या गाड्या सुरू होतात. १९४२च्या अखेरीला त्याच प्रवचनाला ते टीप जोडतात: वरचं विधान ५७०२ सालच्या (ज्यू पंचांगाचं वर्ष, ते सप्टेंबर १९४२मध्ये संपलं) शेवटापर्यंतच्या दुःखांबद्दल खरं, त्यानंतर जे झालं तसं कधीच झालं नव्हतं. आधीचं खोडलं नाही, टीप जोडली. तारखा न पाहता पुस्तक सलग वाचलं तर ही टीप नजरेतून निसटते, आणि मग "घेट्टोतली अढळ श्रद्धा" असलं काहीतरी गुळगुळीत हाती येतं.

१९४२च्या प्रवचनांत खगीगातली ती आतली खोली येते. देवाचं रडणं बाहेर पडलं तर जग उरणार नाही, म्हणून तो आत रडतो, आणि अभ्यास करणारा माणूस तिथवर जाऊन त्याच्याबरोबर रडू शकतो. हा 'उपाय' वगैरे नाही. देव बाहेर निघेल असं आश्वासनही नाही.

प्रत घेताना: २०००चं इंग्रजी भाषांतर वाचायला सोपं, पण हिब्रूत काम करणारं कुणी भेटलं तर डॅनियल रायझर यांची २०१७ची चिकित्सक आवृत्ती सुचवा. तिच्यात हस्तलिखितातल्या खाडाखोडी आणि मागाहून घातलेल्या ओळी दिसतात.

तळटीप
चौथा रविवार 'नाइट'ला, पण सोबत कोलित्झची 'योसल राकोव्हर' ही छोटी कथा घ्या. वॉर्सा घेट्टोतला शेवटचा लढवय्या देवाला पत्र लिहितो. ही १९४६ साली ब्युनोस आयरेसच्या यिडिश वृत्तपत्रात छापलेली कथा आहे. पुढे लेखकाचं नाव गळलं आणि ती अवशेषांत सापडलेला खरा दस्तऐवज म्हणून फिरली. अजूनही काही ठिकाणी तशीच उद्धृत होते. गटाला आधीच सांगा.

पाचव्या रविवारी अमेरिकेतला वाद. इथे पुस्तकं नका घेऊ, निवडक उतारे घ्या. स्टीव्हन कात्झ आणि सहसंपादकांचा ऑक्सफर्डचा २००७चा संग्रह जाडजूड आहे, पण बहुतेक सगळे त्यात भेटतात.

चार ज्यू धर्मचिंतक, क्रम असा लावा. रूबेनस्टाइन, १९६६. ऑगस्ट १९६१मध्ये, बर्लिनची भिंत पडायला नव्हे, उभी राहायला लागली त्या आठवड्यात, तो ग्र्युबर या जर्मन पाद्र्याला भेटला. ग्र्युबर ज्यूंना मदत केली म्हणून स्वतः छळछावणीत राहिलेला माणूस, आणि तो म्हणाला, हिटलर हीसुद्धा देवाचीच इच्छा. रूबेनस्टाइनला त्यात राग काढायला जागा सापडेना, कारण बाबिलोनबद्दल यिर्मया हेच म्हणाला होता. इतिहास चालवणारा देव मानला तर हे मानावं लागतं, म्हणून तो देव मी सोडतो, असं त्याचं उत्तर. त्याला सरळ नास्तिक म्हणू नका. १९९२ची सुधारित आवृत्ती पाहिली तर तो कबालातल्या शून्यरूप ईश्वराकडे सरकलेला दिसतो.

मग फाकेनहाइम: तोरातल्या ६१३ आज्ञांना एक जोडा, हिटलरला मरणोत्तर विजय मिळवून देऊ नका. लोकांना हे फार आवडतं, म्हणून लगेच व्हिशोग्रोड या ज्यू तत्त्वज्ञाचा आक्षेप वाचा: हिटलरच्या विरोधातून देवाची आज्ञा कशी निघेल?

मग बर्कोविट्स, १९७३. माणसाला स्वातंत्र्य द्यायचं तर देवाला मुख झाकावं लागतं. हा युक्तिवाद जुना आहे. त्याचं खरं मोल दुसरीकडे: आपण ईयोब नाही, ईयोबाचे भाऊ आहोत. छावणीत ज्याने श्रद्धा टिकवली आणि ज्याने टाकली, दोघांपुढे बाहेरच्याने गप्प बसावं.

शेवटी ग्रीनबर्गची १९७४ची कसोटी: जळणाऱ्या मुलांसमोर जे विधान टिकणार नाही ते करू नये. ही कसोटी आधीच्या तिघांनाही लावून बघा, चर्चा आपोआप होते.

शाईदौत
पाचव्या रविवारी चौघं म्हणजे दाटी होईल. मी फाकेनहाइम गाळेन.

तळटीप
फाकेनहाइम गाळलात तर आज्ञेच्या भाषेत बोलणारं कुणी राहणार नाही, सगळे देवाच्या स्वरूपावरच बोलतील. गाळायचाच तर बर्कोविट्सचा युक्तिवादाचा भाग गाळा, ईयोबाच्या भावाचा उतारा तेवढा ठेवा.

गोदाकाठ
सहाव्या रविवारसाठी दोन पर्याय. तत्त्वज्ञ हान्स योनासचं १९८४चं ट्युबिंगनचं व्याख्यान, वीसएक पानं: देव चांगला, सर्वशक्तिमान आणि आपल्याला कळण्याजोगा, तिन्ही एकदम जमत नाही, म्हणून सर्वशक्तिमत्ता सोडायची. त्याची आई आउशविट्झमध्ये मारली गेली होती. तर्क स्वच्छ आहे, तुमच्या गटाला आवडेल.

मला मात्र दुसरा पर्याय जास्त योग्य वाटतो: लिथुआनियातल्या कोव्नो घेट्टोतले रब्बी एफ्राइम ओश्री यांच्याकडे आलेले धर्मनिर्णयाचे प्रश्न. तिथे देवाच्या स्वरूपावर कुणी बोलत नाही. विचारतात काय, तर सकाळच्या प्रार्थनेत "मला गुलाम केलं नाहीस म्हणून तू धन्य" असं आहे, ते आता म्हणायचं का? ओश्री यांनी निर्णय दिला: म्हणायचं. १९८३ची इंग्रजी संक्षिप्त आवृत्ती मिळते. प्रश्न आधी वाचा, पुस्तक झाका, गटाला निर्णय द्यायला सांगा, मग उत्तर उघडा.

पिंपळपान
अवांतर: कोकणातल्या बेने इस्राएल समाजात आवच्या नवमीला 'बिरड्याचा सण' म्हणतात, त्या दिवशी वालाचं बिरडं असतं. पहिल्या रविवारी विलापगीत वाचणारच आहात, तर गटात कुणाला माहीत नसेल म्हणून.

उंबरठा
सहावा रविवार ओश्री, योनास ऐच्छिक. फाकेनहाइम ठेवते, बर्कोविट्सची पानं कमी करते. तलमुदच्या चार उताऱ्यांच्या प्रती दोन्ही क्रमांकांसह काढते. किद्दुशीनमधल्या शिडीच्या गोष्टीआधी अनुवाद २२:६-७ आणि ५:१६ वाचून घ्यावं लागेल, बरोबर ना?

शाईदौत
बरोबर. पक्षिणीची आज्ञा २२:६-७, आईबापांची ५:१६. दोन्हीकडे "दीर्घायुषी होशील" आहे, तेवढं अधोरेखित करा.