सदरलँड फॉल्स ट्रेक न करता बघता येतो का?

वाटसरू८२: मंडळी, फेब्रुवारीत न्यूझीलंडला जातोय, साउथ आयलंडला पाचच दिवस आहेत. बायकोने सदरलँड फॉल्सचा फोटो बघितलाय आणि आता तो बघायचाच म्हणते. मॅपवर मिलफर्ड साउंडच्या (डोंगरांत घुसलेली समुद्राची खाडी) जवळच दिसतोय पण रस्ताच सापडत नाहीये, गाडी कुठपर्यंत जाते? आणि न्यूझीलंडमधला सगळ्यात उंच धबधबा हाच ना?

डोंगरवेडा: गाडी विसरा. तो मिलफर्ड ट्रॅकवर आहे, ५३.५ किमी, चार दिवस, सीझनमध्ये एकाच दिशेने चालायचं, मुक्काम ठरलेल्या हटमध्येच, टेंट चालत नाही. आणि बुकिंग उघडलं की बघता बघता संपतं. आम्ही तिसऱ्या दिवशी मॅकिनन पास (११५४ मी) उतरलो तेव्हा गुडघे बोलायला लागले होते, क्विंटन शेल्टरला सॅक टाकल्या, तिथून धबधब्याचा फाटा, जाऊन येऊन दीड तास. एक मित्र म्हणाला मी इथेच बसतो, पाच मिनिटांत सँडफ्लायनी (चावणाऱ्या बारीक माश्या) उठवला त्याला :) झाडीतून बाहेर पडलं की आधी वाराच थोबाडीत बसतो, पाण्यानेच उठवलेला, चष्मा पुसून पुसून कंटाळलो, वर बघावं तर नुसतं पांढरं. फोटो एक धड नाही.

नकाशेबहाद्दर: उंचीचं म्हणाल तर वाद आहे. सदरलँड ५८० मी, तीन टप्प्यांत, २२९, २४८ आणि १०३. डाउटफुल साउंडमधल्या ब्राउन फॉल्सला ८३६ मी धरतात, पण तो उतारावरून घरंगळत येतो त्यामुळे बरेच जण सदरलँडलाच मान देतात. डोनाल्ड सदरलँडने १८८० मध्ये बघितला तेव्हा हजार मीटरच्या वर ठोकून दिली होती, १८८८ च्या मोजणीत हवा गेली. १८९० मध्ये विल्यम क्विल नावाचा पठ्ठ्या शेजारचा कडा चढून माथ्यावर गेला तर वर अख्खा तलाव! म्हणून तो लेक क्विल.

खिडकीसीट: पाच दिवसांत ट्रेक कशाला, छोट्या विमानाची राइड घ्या, लेक क्विलवरून फिरवतात की नाही ते आधी विचारा. तलावाच्या काठावरून पाणी खाली सुटतं ते वरूनच कळतं. फक्त तिथे वर्षाला ६ मीटरच्या वर पाऊस, ढग आले की फ्लाइट कॅन्सल, म्हणून पहिल्याच दिवशी ठेवा, हातात दिवस राहतात. नाहीच जमलं तर मिलफर्डच्या बोटीतून स्टर्लिंग (१५१ मी) आणि बोवेन (१६२ मी) हे धबधबे दिसतातच.

वाटसरू८२: विमानच बघतो. बायकोला सँडफ्लायचं सांगितलं, ट्रेकचा विषय तिनेच बंद केला.