सल्ला हवा : अर्थशास्त्रातला न्याय कुठून वाचायला सुरुवात करू?

पांझराकाठ

नमस्कार मंडळी. मी साक्री तालुक्यातल्या एका गावात राहते, कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवते. विचारायचंय पुस्तकांबद्दलच, पण मागची गोष्ट सांगितल्याशिवाय प्रश्न नीट कळणार नाही.

आमच्या गावाला जुनी फड पद्धत आहे, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी गावाने मिळून वाटून घ्यायचं. बंधारा, पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे चार भाग, म्हणजे चार फड. यंदा नदीचं पाणी लवकर आटलं. मारुतीच्या पारावर बैठक बसली. वरच्या अंगाला ऊस असलेले म्हणाले, उभं पीक आहे, डोळ्यांदेखत वाळू द्यायचं का? शेपटाला, म्हणजे पाटाच्या खालच्या टोकाला, एका बाईचा बारा गुंठे गहू आहे. नवरा वारलाय, दोन मुली. ती आली होती, पाराच्या कडेला पदर सावरून उभी राहिली, एक शब्द बोलली नाही. शेवटी सगळ्यांनी धरलं की तिची काही तक्रार नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात पॅरेटो या अर्थशास्त्रज्ञाची कसोटी शिकवायची होती. कोणाचंही नुकसान न करता कोणाचं तरी भलं करता येतंय तोवर करत जायचं. त्यापुढे जाता येत नाही ती इष्टतम स्थिती. मागच्या बाकावरचा मुलगा उठला : "मॅडम, म्हणजे वरच्या उसाचं एक पाणी तोडून खालच्या गव्हाला द्यायचं, हे पुस्तकाला चालतच नाही का?"

उद्या सांगते म्हटलं. तीन आठवडे झाले.

शनिवारी संध्याकाळी आम्ही आठ जण वाचायला बसतो. दोघं शिक्षक, एक आशाताई, चार शेतकरी आणि आता तो मुलगा. इंग्रजी वाचणारे तिघंच. न्याय, नीती आणि माणूस नेमका कशासाठी वागतो, याबद्दल अर्थशास्त्राने काय म्हटलंय ते कुठून वाचावं? परीक्षेच्या नोट्स नकोत.

अमळनेरचा_मास्तर

ताई, त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. बरोबर जागी बोट ठेवलंय त्याने.

सुरुवात अमर्त्य सेन यांच्या 'ऑन एथिक्स अँड इकॉनॉमिक्स'पासून करा. १९८७ चं पुस्तक आहे, व्याख्यानांवरून तयार झालेलं, अगदी लहानसं. तुम्ही तिघं इंग्रजीत वाचा आणि बाकीच्यांना शनिवारी तोंडी सांगा. आमच्या अमळनेरात १९१६ पासून तत्त्वज्ञान मंदिर आहे. गावात तत्त्वज्ञान एका इमारतीत आणि बाजार समिती दुसऱ्या टोकाला, तशीच गत या विषयाची झाली. सेन सांगतात, मुळात ही दोन घरं नव्हतीच. ॲडम स्मिथ ग्लासगोत नीतिशास्त्राचा प्राध्यापक होता. माणसाला दुसऱ्याच्या सुखदुःखाशी काय देणंघेणं असतं, यावरचं त्याचं पुस्तक १७५९ चं. बाजारावरचं प्रसिद्ध पुस्तक १७७६ चं, म्हणजे सतरा वर्षांनंतरचं. लोकांनी दुसरं घेतलं आणि पहिलं फडताळात ठेवलं.

आता मुलाचं उत्तर. ऊस तोडू नका असं पॅरेटो म्हणत नाही. तो त्या बाबतीत गप्प आहे. एका घरी तुडुंब आणि दुसऱ्या घरी उपासमार, तरीही ती स्थिती पॅरेटोच्या मापाने इष्टतम ठरू शकते, कारण उपाशी घराला द्यायचं तर तुडुंब घरातलं थोडं काढावं लागतं. सेन यांनी हे अगदी स्वच्छ मांडलंय. आणि ही गप्प बसण्याची पाळी का आली तेही वर्गात सांगा. १९२० साली पिगू हा अर्थशास्त्रज्ञ म्हणत होता की श्रीमंताच्या रुपयापेक्षा गरिबाच्या हातातल्या रुपयाचं समाधान जास्त. १९३२ मध्ये रॉबिन्स या दुसऱ्या अर्थशास्त्रज्ञाने हरकत घेतली : दोन माणसांचं समाधान एका तराजूत तोलता येत नाही, ते शास्त्रात बसत नाही. तराजू फेकला, आणि हातात उरला तो फक्त पॅरेटो. मग १९५१ मध्ये केनेथ ॲरोने दाखवलं की नुसते पसंतीक्रम घेऊन, साध्यासुध्या वाटणाऱ्या मोजक्या अटी पाळत, सगळ्यांचा मिळून एक निर्णय काढायची पद्धतच निघत नाही. सेन यांनी तो तराजू परत आणला. भरल्या पोटी खाल्लेली कळण्याची भाकर आणि दोन दिवसांच्या उपाशी माणसाने खाल्लेली भाकर यांतला फरक सांगता येत नसेल, तर ते शास्त्र काय कामाचं?

त्या बाईच्या गप्प राहण्याबद्दलही त्याच पुस्तकात आहे. ज्याला आयुष्यभर कमीच मिळालं तो कमी मागायला शिकतो, थोडक्यात समाधान मानतो. म्हणून तक्रार नाही याचा अर्थ अन्याय नाही असा होत नाही. हे पान बैठकीतल्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवा.

रावेरची_केळी

मास्तर, मान राखून थोडं वेगळं बोलतो. मी केळीवाला, पुस्तकं कमी वाचतो. पण पाणी वापर संस्थेचं काम सहा वर्षं केलंय, २००५ च्या कायद्याखाली स्थापन झालेली संस्था. माणूस आधी आपलं वावर बघतो, हे धरूनच नियम करायला पाहिजेत.

आमच्याकडे रात्री चारीचं दारं फोडायचे. सकाळी गेलं की ओल दिसायची, पाळी नसलेल्याच्या वावरात पाऊल घोट्यापर्यंत रुतायचं. मी दंड ठेवला, एका वेळेला पाचशे रुपये. वाटलं, बंद होईल. पहिल्याच महिन्यात दोघा बड्या शेतकऱ्यांनी दंड भरला, पावती घेतली आणि पुन्हा फोडलं. आधी हेच लोक मला रस्त्यात बघून मान खाली घालायचे. पावती हातात आल्यावर मान वर करून बोलायला लागले, "पैसे भरलेत ना भाऊ?" गरीब शेतकऱ्याला पाचशे झेपत नव्हते, तो बिचारा नियमात राहिला आणि त्याचीच केळी करपली. दंड काढून टाकला तरी जुनी लाज काही परत आली नाही. हे का झालं, ते मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. या विषयात त्याचं उत्तर असेल तर मीही वाचेन.

एमए_जळगाव

काका, उत्तर आहे. तुमच्या चारीसारखंच इस्राएलमधल्या हैफा शहरात घडलं. दहा पाळणाघरं. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांतल्या सहा ठिकाणी दंड लावला. उशीर घटला नाही, वाढत वाढत जवळजवळ दुप्पट झाला; आणि दंड उठवल्यावरही वाढलेलाच राहिला. ग्नीझी आणि रुस्तिकिनी यांचा हा लेख २००० सालचा आहे. दंड लागेपर्यंत उशीर म्हणजे पाळणाघरातल्या बाईंना ताटकळत ठेवण्याचा अपराध होता. दंड लागल्यावर ती विकत घेण्याची सेवा झाली. तुमच्या पावतीने नेमकं तेच केलं, पाण्याच्या चोरीला भाव ठरवून दिला. टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० मध्ये रक्तदानावर लिहिलं त्यातही हीच काळजी होती : पैसे देऊन रक्त घ्यायला लागलो तर देण्यामागचं मन कमी होतं.

पण म्हणून दंड वाईटच, असं नाही. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं 'गव्हर्निंग द कॉमन्स' (१९९०) नक्की वाचा. अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या त्या पहिल्या महिला, २००९. सामाईक पाणी, जंगल, मासेमारी पिढ्यान्‌पिढ्या टिकवणाऱ्या गावांचा त्यांनी अभ्यास केला. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे शेतकरी पाण्याची भांडणं दर गुरुवारी कॅथेड्रलच्या दारात, आपणच निवडलेल्या पंचांपुढे सोडवतात. टिकलेल्या ठिकाणी पहिल्या चुकीला शिक्षा लहान असते, पुन्हा केलं की वाढत जाते, आणि राखण करणारा माणूस पाणी घेणाऱ्यांनाच बांधील असतो. म्हणजे शिक्षेआधी ओळख असते, काका. पाचशेची पावती थेट हातात पडत नाही.

ताई, सेन यांचा १९७७ चा 'रॅशनल फूल्स' हा लेखही घ्या. त्यात एक भेद आहे, तो मला रोज उपयोगी पडतो. शेजारणीचा गहू वाळताना बघून मला झोप लागत नाही म्हणून मी पाणी सोडलं, तर त्यात माझंही समाधान आलंच. पण मला गाढ झोप लागत असूनही, हे बरोबर नाही एवढ्याचसाठी मी माझी पाळी सोडली, तर ती बांधिलकी. माणूस आपलंच बघतो हे गृहीत धरणाऱ्या शास्त्राला हा दुसरा माणूस दिसतच नाही. आणि फड अशाच माणसांवर चालत आलाय ना?

धुळ्याची_मावशी

बाळा, छान समजावलंस. मी वेगळ्या बाजूने येते.

माझी आई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. मी तेव्हा सात वर्षांची. उन्हात पाटीखाली बसवून ठेवायची मला. सुकडी वाटायचे, ती मी पदराच्या कोपऱ्यात बांधून धाकट्या भावाला न्यायची. घरी मिलोची लाल भाकर. आईच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला हातोड्याचा घट्टा होता, तो मरेपर्यंत गेला नाही. पुढे समाजकार्याचा अभ्यास करताना ज्याँ द्रेज आणि सेन यांचं 'हंगर अँड पब्लिक ॲक्शन' (१९८९) हाती आलं. त्यात आपला महाराष्ट्र होता! धान्य भयंकर कमी पिकलं, तरी उपासमारीचे बळी मोठ्या प्रमाणावर पडले नाहीत, कारण सरकारने लोकांच्या हाताला काम दिलं आणि त्या पैशाने घरात धान्य आलं. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळपास ५० लाख माणसं कामावर होती. मी ते पान वाचून आईचा अंगठा आठवत बसले होते. वि. स. पागे यांनी रोजगार हमीची ही कल्पना लावून धरली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाचा झाला.

यात न्यायाचा प्रश्न कुठे? कामावर यायला दाखला लागत नव्हता. उन्हात खडी फोडायला गरज असल्याशिवाय कोण येईल, म्हणून गरजू आपोआप निवडला जातो, असं अर्थशास्त्र म्हणतं. खरं आहे. पण जी बाळंतीण होती, जो म्हातारा होता, त्यांना ती खडी झेपणारी नव्हती. सगळ्यांत गरजू तेच, आणि चाळणीतून गळणारेही तेच. आज लाडकी बहीणच्या यादीत कोण पात्र, कोण अपात्र, यावर घराघरात भांडतात तेव्हा मला हेच आठवतं. नको त्याला मिळालं ही एक चूक, हव्या त्याला मिळालं नाही ही दुसरी. दोन्ही चुका सारख्या नाहीत. आपण पहिलीवर ओरडतो, दुसरी पाराच्या कडेला उभी असते.

पांझराकाठ

मावशी, तुमचं शेवटचं वाक्य वाचून डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांचे मनापासून आभार.

मराठीत काय देता येईल शेतकरी मंडळींच्या हातात?

अमळनेरचा_मास्तर

महात्मा फुल्यांचा 'शेतकऱ्याचा असूड', १८८३. पाणी कोणाच्या कामाला येतं, कर कोण भरतो आणि चैन कोण करतो, हा हिशेब त्यांनी तेव्हाच मांडलाय. बंधारे, तलाव यांच्या सूचनाही आहेत. आणि विनोबांची 'गीता प्रवचने'. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात दिली, साने गुरुजींनी लिहून घेतली. फळाची आशा न धरता माणूस काम का करेल, हा प्रश्न इतक्या सोप्या मराठीत दुसरीकडे मिळणार नाही.

रावेरची_केळी

मास्तर, ते अर्थशास्त्र कसं? वैराग्याचा उपदेश गरिबाला आधी केला जातो. त्या बाईलाच सांगतील, फळाची आशा धरू नको.

अमळनेरचा_मास्तर

तुमचं म्हणणं खरं आहे भाऊ. म्हणून असूड आधी वाचा, मग प्रवचने. हा क्रम मोडू नका.

एमए_जळगाव

शनिवारसाठी एक सुचवतो. सेन यांच्या 'द आयडिया ऑफ जस्टिस'मध्ये (२००९) तीन मुलं आणि एक बासरी आहे. एकाला वाजवता येते, एक इतकं गरीब की खेळणंच नाही, तिसऱ्याने ती स्वतः घडवलीय. द्यायची कोणाला? बासरीच्या जागी पाटाचं पाणी ठेवा. एक म्हणतो, माझ्या उसाचं उत्पन्न सगळ्यांत जास्त. दुसरीचं घर त्या बारा गुंठ्यांवर. तिसरा म्हणतो, बंधाऱ्याचा गाळ आम्ही उपसला. तिघांचंही म्हणणं खोडता येत नाही, हेच शिकायचंय त्यातून.

आणि तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांचं 'अ थिअरी ऑफ जस्टिस' (१९७१). आपण समाजात कोणत्या जागी जन्मू हे माहीत नसताना आपण कोणते नियम मान्य करू, असं तो विचारतो. आपल्याकडे भावाभावांत वाटणी होते तेव्हा एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, तसंच.

रावेरची_केळी

हे पटलं. वाटे पाडणारा आपोआप सरळ पाडतो.

ताई, तुमच्या फडात तर हे आधीपासून होतं की. माझं आजोळ तिकडचं. आजोबा सांगायचे, प्रत्येक घराची पट्टी प्रत्येक फडात असायची. पाणी कमी पडलं की एक अख्खा फड कोरडा ठेवायचा, मग सगळ्यांचंच थोडं थोडं बुडायचं, एकट्याचं घर बुडायचं नाही. आणि पाणी शेतकऱ्याने स्वतः घ्यायचं नाही, पाटकऱ्याने द्यायचं. दारं फोडायला गेला तर जागल्या ओरडायचा, "पानी समदासनं से!", म्हणजे पाणी सगळ्यांचं आहे. आता विहिरी झाल्या, मोटारी आल्या, पट्ट्या विकल्या गेल्या. वरच्या फडात कोणाचं काहीच उरलं नाही, तर त्याने वरच्या उसासाठी का सोसायचं? आणि ऊसवाल्याची खाली पट्टी नसेल तर त्याला गहू वाळल्याचं काय?

पांझराकाठ

भाऊ, हे मला सुचलंच नव्हतं. काल त्या मुलाला घेऊन बसले. गावातल्या पंचवीस घरांचे सातबारे त्याने गोळा केलेत, आणि ड्रॉइंगच्या कागदावर चार फड काढून प्रत्येक घराची पट्टी रंगवतोय. एकोणीस घरं अजून दोन किंवा जास्त फडांत आहेत. ऊसवाल्यांपैकी तिघांच्या पट्ट्या शेपटाच्या फडात निघाल्या, त्यांनी वाट्याने दिलेल्या, म्हणून कोणाच्या लक्षात नव्हत्या.

बाईच्या घरीही जाऊन आले. ओट्यावर बसून तिने चहा दिला आणि बराच वेळाने म्हणाली, "एकच पाणी हवं होतं मॅडम, दाणा भरायच्या वेळेला." पुढच्या बैठकीला ती बसायला येणार आहे. आशाताई तिच्या शेजारी बसतील.

नकाशा पूर्ण झाला की इथे टाकते. कोणाच्या घरी पाटकऱ्याच्या किंवा फडाच्या हवालदाराच्या जुन्या वह्या असतील तर कृपया फोटो काढून ठेवा. कोरडा फड कोणत्या वर्षी कोणता ठेवला, एवढंच बघायचंय.