सिकलसेल: आधी कॅप्सूल की आधी जीन थेरपी?

वैनगंगेकाठी (धागा लेखक)
नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेने सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकारावरची देशी क्रिस्पर थेरपी (जनुक कापून दुरुस्त करणारी) जाहीर केली. बिरसा मुंडांच्या नावावरून 'बिरसा १०१'. पुढचं काम पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटसोबत. तेव्हापासून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर 'सिकलसेल आता मुळासकट बरा' फिरतंय. मी गडचिरोली जिल्ह्यात लॅब टेक्निशियन आहे. मागच्या महिन्यात एका बापाने पोराचं हायड्रॉक्सियुरिया, म्हणजे सिकलची रोजची कॅप्सूल, बंद केलं. म्हणे, "नवं औषध येऊन राह्यलं ना सर, मग हे कायले द्यायचं?" पोरगं आठ दिवसांत क्रायसिसमध्ये, म्हणजे वाकड्या पेशी अडकून असह्य वेदना.

माझं म्हणणं सरळ आहे. अकराव्या गुणसूत्रावरच्या जनुकात एक अक्षर चुकतं, त्यामुळे तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. बाळ पोटात असतानाचं हिमोग्लोबिन (एचबीएफ) वाढवलं की वाकणं कमी होतं. हायड्रॉक्सियुरिया हेच करतं. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेली कॅसजेव्ही ही क्रिस्पर थेरपीही हेच करते, फक्त एचबीएफ दाबून ठेवणारा बीसीएल११ए नावाचा स्विच कापून, आणि २२ लाख डॉलरमध्ये. आमच्याकडे कॅप्सूल वेळेवर पोचत नाही. लहान मुलांसाठी ती उघडून, पाण्यात कालवून, अंदाजे मोजून द्यावी लागते. आधी ते नीट करा, मग कात्र्या चालवा.

पेशीवेडा
असहमत. "हेच करते" म्हणून तुम्ही फार मोठी गोष्ट चार शब्दांत गुंडाळलीत. कॅसजेव्हीच्या चाचणीत मोजता आलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने एकही मोठा क्रायसिस आला नाही. कॅप्सूलचा गुण सगळ्यांना सारखा येतो का? तुम्ही रोज रिपोर्ट काढता, तुम्हीच सांगा.

दुसरं, आपल्याकडचा सिकल बहुतेक अरब-भारतीय हॅप्लोटाइपचा (एकत्र वारशाने येणाऱ्या जनुकीय खुणांचा गट), त्यात एचबीएफ मुळातच जास्त. म्हणून वर्षानुवर्षं 'भारतातला सिकल सौम्य' असं म्हणून विषय मिटवला गेला. विदर्भातल्या वॉर्डात जाऊन हे म्हणून दाखवावं. दोन एसएस पोरं (आईबाप दोघांकडून सिकलचं जनुक आलेली, म्हणजे रुग्ण), एक शाळेच्या कबड्डी संघात, दुसऱ्याला महिन्याआड सलाईन. फरक बाकीच्या जनुकांतही असतो, आणि तो वाचता आला तर कोणाला किती डोस आणि कोणाला थेट मज्जा प्रत्यारोपण हे आधी ठरवता येईल. व्यक्तिगत उपचार म्हणतात तो हाच. चैन नाही ती.

आणि किंमत कायम तीच राहत नाही. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलचं नेक्सकार१९ बघा, रक्ताच्या कॅन्सरवरची देशी कार-टी थेरपी, परदेशी कार-टीच्या साधारण दहाव्या हिश्शात.

हिशेबी
कार-टी टी-पेशींवर (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) चालतं, मूलपेशींवर (ज्यांतून सगळं रक्त बनतं) नाही. कॅन्सरचं उदाहरण इथे चिकटवू नका.

पेशीवेडा
बरं, मूलपेशींचंच घ्या. वेल्लोरच्या सीएमसी रुग्णालयात हिमोफिलिया ए च्या (रक्त न गोठण्याचा आजार) ५ रुग्णांच्या स्वतःच्या रक्त-मूलपेशींत जनुक घालून त्या परत दिल्या. निष्कर्ष डिसेंबर २०२४ मध्ये छापून आले. भारतात होत नाही असं म्हणायची सोय उरलेली नाही.

थेम्सकाठची
मी लंडनमध्ये रक्तविकारांच्या वॉर्डात नर्स आहे, मूळची भंडाऱ्याची. इंग्लंडमध्ये सिकलसाठी कॅसजेव्हीला जानेवारी २०२५ मध्ये सरकारी मान्यता मिळाली, तीही वर्षाला साधारण ५० जणांपुरती. कारण सांगते.

आधी काही आठवडे रक्त बदलत राहायचं. मग मूलपेशी रक्तात उतरवायच्या. एरवी त्यासाठी जी इंजेक्शनं देतात ती सिकलमध्ये धोक्याची, म्हणून वेगळं औषध, आणि एका खेपेत पुरेशा पेशी निघतीलच असं नाही. त्या प्रयोगशाळेत जाऊन संपादित होऊन यायला महिने लागतात. त्यानंतर बुसल्फान, म्हणजे किमो. हाडांतली जुनी मज्जा रिकामी केल्याशिवाय नवी रुजत नाही. केस जातात, तोंड इतकं सोलतं की पाणी गिळवत नाही, पुढे मूल होण्याची शक्यता घटते. नव्या पेशी रुजेपर्यंत महिना-दीड महिना एकट्याने खोलीत. थेरपी फुकट दिली तरी ती खोली, ती रक्तपेढी, रात्री दोनला ताप चढला तर धावणारा डॉक्टर, हे कुठून आणणार? इंजेक्शन टोचून घरी जायचं नसतं, एवढं तरी त्या मेसेज फिरवणाऱ्यांना कळवा.

वैनगंगेकाठी
ताई, माझंच काम केलंत.

थेम्सकाठची
नाही हो. मी 'नको' म्हटलं नाही. त्या खोलीतून बाहेर पडलेली पोरं मी पाहिलीत.

एसएसची_आई
माझी मुलगी चौदाची आहे. मला या धाग्यातल्या 'आधी' शब्दाचा राग आला.

गेल्या पावसाळ्यात रात्री पाय इतके दुखले की तिला खाटेला धरून ठेवावं लागलं. दवाखान्यात ड्युटीवरचे म्हणाले, परीक्षा आली की पोरी नाटकं करतात. तिच्या सिकल तपासणीच्या कार्डावर एसएस लिहिलेलं होतं, ते उघडूनसुद्धा पाहिलं नाही. तेव्हा मला कॅप्सूलही हवी होती, चांगला डॉक्टरही आणि जीन थेरपीही. शहरातल्या माणसाच्या हृदयाला स्टेंट हवा असेल तेव्हा कोणी विचारत नाही की आधी गावातल्या बीपीच्या गोळ्या पुरवा. हा क्रम आमच्यासाठीच का?

हिशेबी
भावना समजते, पण पैसा एकच आहे. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचं उद्दिष्ट ७ कोटी लोकांच्या तपासणीचं आहे. वाहकांनी (एकाच पालकाकडून जनुक आलेले, रुग्ण नसलेले) आणि रुग्णांनी आपापसांत लग्न केलं नाही तर पुढची पिढी एसएस जन्मणारच नाही. सगळ्यात स्वस्त उपाय.

एसएसची_आई
कागदावर स्वस्त. आमच्याकडे कार्ड बघून सोयरीक मोडते ती पोरीची. पोराचं कार्ड कोणी मागतही नाही. आणि जी जन्मली आहे तिचं काय?

वैनगंगेकाठी
इथे मी या आईंच्या बाजूने. शिवाय तपासणी म्हणजे नुसतं रक्त काढणं नव्हे. सोल्युबिलिटीत (पहिली झटपट चाचणी) पॉझिटिव्ह आला की वाहक की रुग्ण हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या लॅबमधल्या चाचण्यांशिवाय कळत नाही, आणि तो दुसरा रिपोर्ट पाड्यावर परत पोचवायला कोणी जात नाही. म्हणून जीनोमचं (शरीरातल्या सगळ्या जनुकीय माहितीचं) नाव काढलं की लोक हात आखडतात. "मागच्या खेपेचं रक्त कुठं गेलं?" याचं उत्तर माझ्याकडे नसतं. पेशीवेडा, जीनोम इंडिया या सरकारी प्रकल्पात १० हजार लोकांचे जीनोम वाचलेत ना? ज्यांचं रक्त गेलं त्यांना काय कळलं?

पेशीवेडा
तो प्रकल्प लोकसंख्येतले फरक नोंदवण्यासाठी होता, व्यक्तीला रिपोर्ट देण्यासाठी नव्हे. पण प्रश्न रास्त आहे. सिकलवर असा अभ्यास करायचा तर ज्याचं रक्त त्याला निकाल मिळालाच पाहिजे, हे मान्य.

नवीन_सभासद
माझी वहिनी गरोदर आहे, पहिला मुलगा एसएस. नाळेतलं रक्त साठवायला एक कंपनी मागे लागली आहे. म्हणतात बाळाला पुढे सिकल निघाला तर उपयोगी. घ्यावं का?

पेशीवेडा
बाळालाच सिकल असेल तर त्याच्या नाळेतल्या पेशींतही तीच चूक असणार. स्वतःच्या उपयोगासाठी साठवायला शास्त्रीय आधार नाही, हे आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही आहे. बाळ निरोगी निघालं आणि मोठ्याशी एचएलए, म्हणजे प्रत्यारोपणासाठी पेशींवरच्या ओळखखुणा, जुळलं (सख्ख्या भावंडांत चारात एक संधी) तर गोष्ट वेगळी. पैसे भरण्याआधी मोठ्या मुलाच्या रक्तविकार तज्ज्ञांना विचारा, कंपनीच्या माणसाला नको. आणि गर्भाच्या तपासणीचंही आत्ताच विचारा, उशीर झाला तर उपयोग नाही.

वैनगंगेकाठी
एसएसची_आई, एक काम आहे. आमच्या केंद्रात बोर्ड लावायचाय. मी लिहिलं की सरकारी पत्रक होतं. तुम्ही दोन ओळी द्याल?

एसएसची_आई
'सिकलचं नवं औषध बनत आहे, दवाखान्यात अजून आलेलं नाही. ते येईपर्यंत रोजची कॅप्सूल सोडू नका.'

वैनगंगेकाठी
'येईपर्यंत' काढू का? लोक तारीख विचारतील.

एसएसची_आई
राहू द्या. विचारू द्यात.