पॉइंट टू टू (.२२) रायफलच्या मॅच गोळ्या: नाव एकच, मग लॉट का बघायचा?

प्रश्न – रायफलवालीची आई
लेक यंदापासून ५० मीटर प्रोन (पालथं झोपून नेमबाजी) खेळतेय. सर म्हणतात, एका मॅचमध्ये दोन लॉटची, म्हणजे कारखान्याच्या दोन वेगळ्या खेपांची, खोकी वापरायची नाहीत. कंपनी तीच, नाव तेच, किंमतही तीच. मग फरक कसला? पूर्वीही असंच होतं का?

उत्तर – प्रोनकर, कोल्हापूर
ताई, सरांचं ऐका. मोठ्या बोअरच्या (जाड नळीच्या) रायफलवाले दारू तोलून आपलं काडतूस स्वतः भरतात. पॉइंट टू टूला ते जमत नाही. पितळी केस म्हणजे काडतुसाचं नळकांडं, त्याच्या बुडाची कड आतून पोकळ असते. पेटणारा मसाला ओला असतानाच आत घालून, केस गरागरा फिरवून तो कडेत पसरवतात. कुठे विरळ राहिला की दारू वेगळी पेटते. ते सगळं कारखान्याच्या हातात, आपल्या हातात फक्त निवडणं.

पॉइंट टू टूचं हे लाँग रायफल काडतूस १८८७ चं, अमेरिकेतल्या स्टीव्हन्स कंपनीचं. ४० ग्रेनची (साधारण २.६ ग्रॅम) शिशाची गोळी आजही चालते. बदलला तो मसाला. जुन्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं, त्याच्या क्षारांनी रायफलची नळी गंजायची. १९२० च्या दशकात जर्मनीत आरडब्ल्यूएस कंपनीने न गंजवणारा सिनॉक्सिड नावाचा मसाला आणला. माझ्या मते मॅचची खरी गोळी तिथून सुरू झाली. नळी आज-उद्या सारखी राहायला लागली, तेव्हा कुठे गोळी-गोळीतला फरक कळायला लागला.

आता हिशेब बघा. मॅचची गोळी मुद्दाम आवाजापेक्षा हळू ठेवतात, सेकंदाला साधारण ३२५ मीटर. आवाजाचा वेग ओलांडून परत खाली येताना गोळी डळमळते, म्हणून. त्यातली एखादी १० मीटरने हळू निघाली तर ५० मीटरवर ७-८ मिमी खाली लागते. दहाच्या वर्तुळाचा व्यासच १०.४ मिमी! एका राज्य स्पर्धेत माझं खोकं अर्ध्यात संपलं, दुकानदाराने 'तेच आहे' म्हणून दिलेलं दुसरं उघडलं. पुढे चार गोळ्या दहाऐवजी नऊला गेल्या, चारही घड्याळातल्या सहाच्या दिशेला, सरळ खाली. घरी येऊन खोकी उलटी केली तेव्हा लॉट नंबर वेगळे दिसले. आपल्या तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत प्रोनला ६० गोळ्यांत ६०० पैकी ५९७ मारले. तीनच गुण गेले. त्या पातळीवर एकही गोळी वाया घालवून चालत नाही.

रायफलवालीची आई
मग निवडायचं कसं? परदेशात कंपनीकडे रायफल नेऊन लॉट तपासून घेतात म्हणे, पण ते आम्हाला शक्य नाही.

प्रोनकर, कोल्हापूर
हो, इंग्लंडला एली किंवा जर्मनीत शोनेबेकला लापुआ या गोळ्यांच्या कंपन्यांकडे रायफल शिकंज्यात धरून लॉट तपासून देतात. पण इथेही होतं. तीन लॉटचं एकेक खोकं घ्या. गोळीला मेणासारखं वंगण असतं, नळीत आधीच्या लॉटचं बसलेलं असतं. म्हणून प्रत्येक लॉटच्या पहिल्या पंधरा गोळ्या धरू नका. मग रायफलला टेकण लावून दहा-दहाचे तीन ग्रुप (एकाच नेमावर दहा गोळ्या) मारायला सांगा. ग्रुपची उभी लांबी मोजा, आडवी बरीचशी वाऱ्याची असते. जो लॉट उभा कमी पसरेल, त्याची वर्षभराची खोकी त्याच दिवशी उचला. महिन्याभराने गेलात तर तो लॉट मिळेलच असं नाही.